हचिन्सनची पत्रे

१७६३ साली फ्रान्सबरोबरचे सात वर्षांचे युद्ध संपले, तेव्हा उत्तर अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींनी राजा तिसऱ्या जॉर्जच्या नावाने विजयोत्सव साजरा केला. तेरा वर्षांनी याच वसाहतींनी याच राजाविरुद्ध तक्रारींचा पाढा वाचून स्वातंत्र्य जाहीर केले. मधले कायदे शाळेच्या पुस्तकातही ओळीने सापडतात: १७६४चा साखर कायदा, १७६५चा मुद्रांक कायदा, १७६७चे टाउनशेंड कर. पण मुद्रांक कायदा वर्षभरात रद्द झाला आणि १७७० मध्ये टाउनशेंडचे करही उठले, चहावरचा तेवढा राहिला. कर कमी झाले तरी संशय वाढतच गेला. तो कसा वाढला, हे मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर टॉमस हचिन्सन याच्या हकिकतीतून जितके उलगडते तितके कायद्यांच्या यादीतून उलगडत नाही.

हचिन्सन परका साहेब नव्हता. त्याचा जन्म १७११ मध्ये बॉस्टनमध्येच झाला. धर्ममतांवरून वसाहतीबाहेर घालवलेली अ‍ॅन हचिन्सन ही त्याची खापरपणजी. आपल्या प्रांताचा इतिहास तो कागदपत्रे जमवून लिहीत होता. मात्र एकाच वेळी तो उपगव्हर्नर होता आणि मुख्य न्यायाधीशही. त्याचा साडू अँड्र्यू ऑलिव्हर प्रांताचा सचिव होता आणि मुद्रांक वाटपाचे कामही त्याच्याकडेच आले. एवढी सत्ता एका गोतावळ्यात एकवटलेली पाहून बॉस्टनकर चिडले, यात नवल नाही.

२६ ऑगस्ट १७६५च्या रात्री जमावाने हचिन्सनचा वाडा फोडला. भिंतींवरच्या लाकडी फळ्या उखडल्या, रोकड आणि चांदीची भांडी नेली, बागेतली झाडे तोडली. इतिहासाच्या दुसऱ्या खंडाचे हस्तलिखित रस्त्यावर फेकले गेले. अँड्र्यू इलियट या धर्मोपदेशकाने चिखलातून ती पाने गोळा केली, म्हणून तो खंड पुढे छापता आला. दुसऱ्या दिवशी हचिन्सन उसन्या कपड्यांत न्यायालयात हजर झाला. आपण मुद्रांक कायद्याच्या बाजूचे नाही, असे त्याने तिथे शपथेवर सांगितले. ते खरेच होते. मुद्रांक कर अन्यायाचा आणि अविचाराचा आहे, असे त्याने लंडनला आधीच कळवले होते. पण पार्लमेंटचा कायदा चुकीचा असला तरी पाळलाच पाहिजे, हे मत त्याने कधी सोडले नाही. त्याचे सगळे दुर्दैव या मतात आहे.

१७७२ पर्यंत हचिन्सन गव्हर्नर झाला होता. त्या वर्षी गव्हर्नरचा पगार प्रांतिक विधानसभेऐवजी जकातीच्या उत्पन्नातून देण्याचे ठरले. रक्कम मोठी नव्हती, पण गव्हर्नरला वठणीवर आणण्याचे एकमेव साधन लोकांच्या हातून गेले. स्थानिक पुढारी सॅम्युअल अ‍ॅडम्सने लगेच बॉस्टनमध्ये पत्रव्यवहार समिती उभी केली आणि गावोगाव तशा समित्या निघाल्या. जानेवारी १७७३ मध्ये हचिन्सनने विधानसभेपुढे भाषण करून वाद कायमचा मिटवायचा प्रयत्न केला. पार्लमेंटची सर्वोच्च सत्ता आणि वसाहतींचे पूर्ण स्वातंत्र्य यांच्यामध्ये कुठलीही रेघ ओढता येत नाही, असे त्याने बजावले. सभागृहाने त्याचाच मुद्दा त्याच्यावर उलटवला: मधली रेघ नसेल, तर आम्ही एकतर गुलाम आहोत किंवा पूर्ण स्वतंत्र. स्वातंत्र्याचा प्रश्न असा उघड्यावर आणला तो राजाच्याच गव्हर्नरने.

त्याच सुमारास बॉस्टनला एक पुडके पोचले. हचिन्सन आणि ऑलिव्हर यांनी काही वर्षांपूर्वी टॉमस व्हेटली या इंग्लिश मुत्सद्द्याला लिहिलेली खासगी पत्रे त्यात होती. ती पाठवली होती बेंजामिन फ्रँकलिनने, सभागृहाच्या लंडनमधल्या वकिलाने. लोकांचा राग मंत्र्यांवरून उतरून या स्थानिक सल्लागारांवर जावा आणि समेटाला वाट मिळावी, हा त्याचा हेतू होता. पत्रे छापू नयेत, ही त्याची अट. जून १७७३ मध्ये ती छापली गेलीच. त्यांत नवे फारसे नव्हते. पण वसाहतीत इंग्लिश स्वातंत्र्यांना काही कात्री लावावी लागेल, हे वाक्य हचिन्सनच्या हातचे होते. इतकी वर्षे ज्या कटाचा नुसता वास येत होता, त्याचा लेखी पुरावाच मिळाला असे लोकांना वाटले. हे वाचन हचिन्सनवर अन्याय करणारे होते. तरी ते वाक्य लिहिणाऱ्याला आपल्या माणसांची नाडी कळली नव्हती, हेही खरे.

इकडे ईस्ट इंडिया कंपनी बंगालच्या भीषण दुष्काळानंतर कर्जात बुडाली होती आणि लंडनच्या गोदामांत तिचा चहा पडून होता. १७७३ मध्ये पार्लमेंटने तिच्यासाठी दोन उपाय केले. रेग्युलेटिंग अ‍ॅक्टने मुंबई इलाखा युद्ध आणि तहांच्या बाबतीत कलकत्त्याच्या हाताखाली गेला.  दुसरा उपाय चहा कायदा. त्याने चहा स्वस्त झाला, पण कर कायम राहिला. बॉस्टनमध्ये हा चहा उतरवून घेणाऱ्यांत हचिन्सनचे दोन मुलगे होते. कर भरल्याशिवाय जहाजे परत जाऊ द्यायला त्याने नकार दिला आणि १६ डिसेंबरच्या रात्री ३४२ पेट्या बंदरात रित्या झाल्या.

ही बातमी लंडनला पोचल्यावर, २९ जानेवारी १७७४ रोजी राजाच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे, हचिन्सनला काढून टाकावे म्हणून सभागृहाने केलेल्या अर्जाची सुनावणी झाली. सरकारी वकील वेडरबर्नने तासभर फ्रँकलिनलाच चोर ठरवले. सरदार हसत होते, टाळ्या पिटत होते. अडुसष्ट वर्षांचा फ्रँकलिन मखमली पोशाखात उभा राहून चेहऱ्याची रेषही न हलवता ऐकत राहिला. अर्ज फेटाळला गेला, त्याची टपालखात्यातली नोकरीही गेली. साम्राज्य टिकावे म्हणून मनापासून धडपडणारा हा माणूस सरकारने स्वतःच्या हाताने पलीकडे ढकलला.

मग घटना भराभर घडल्या. बॉस्टन बंदर बंद, मॅसॅच्युसेट्सची सनद मोडीत, गव्हर्नरच्या जागी जनरल गेज. शिक्षा एका प्रांताला झाली आणि धसका सगळ्यांनी घेतला. सप्टेंबर १७७४ मध्ये बारा वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात जमले. १९ एप्रिल १७७५ला लेक्सिंग्टनला युद्धाची पहिली गोळी सुटली.

हचिन्सन १ जून १७७४ला, बंदर बंद झाले त्याच दिवशी, इंग्लंडला निघाला. आपण लवकरच परतू, अशी त्याची खात्री होती. ४ जुलै १७७६ रोजी ऑक्सफर्डने त्याला मानाची पदवी दिली. मिल्टनमधले त्याचे घर आणि मालमत्ता जप्त झाली. जून १७८० मध्ये तो लंडनजवळ वारला. क्रांतीपर्यंतच्या वादांचा त्याने लिहिलेला इतिहासाचा तिसरा खंड १८२८ साली नातवाने छापला.