पालघर ते बोईसर : बारा किलोमीटर, दोन मुलूख

पालघर जिल्ह्यात आजघडीला प्रवासी विमानतळ नाही. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली आणि बंदरालगत विमानतळही उभारण्याचा मनोदय राज्य सरकारने बोलून दाखवला. तेव्हापासून बोईसर-तारापूरकडे विमानाच्या गोष्टी रंगू लागल्या आहेत. माणसांची रोजची ने-आण मात्र पश्चिम रेल्वेच करते. पालघर, मध्ये उमरोळी, मग बोईसर. अंतर जेमतेम बारा किलोमीटर, पण दोन्ही स्टेशनांवर उतरणारी माणसं वेगळी.

पालघरला उतरतो तो सरकारी कामाचा माणूस. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचं विभाजन होऊन पालघर जिल्ह्याचं ठिकाण झालं. जव्हार-मोखाड्याकडून दाखल्यासाठी आलेला आदिवासी शेतकरी इथे येतो, तशी सातपाटीची कोळीणही येते. गावातल्या पाचबत्तीच्या हुतात्मा चौकात १४ ऑगस्ट १९४२ च्या गोळीबारात बळी पडलेल्या पाच जणांचं स्मारक आहे. दरवर्षी त्या दिवशी गाव तिथे जमतं.

बोईसरची गर्दी पाळीच्या वेळेवर चालते. गाडी थांबली की शेअर रिक्षावाले 'एमआयडीसी, एमआयडीसी' ओरडत असतात आणि डबा घेतलेला कामगार धावत जागा धरतो. कपडा, पोलाद, रसायनं अशा कारखान्यांत उत्तर प्रदेश-बिहारचीही हजारो माणसं खपतात. पश्चिमेला समुद्राकाठी तारापूरचं अणुवीज केंद्र आहे. १९६९ साली इथे वीजनिर्मिती सुरू झाली, ती देशातली पहिली अणुवीज. पुढे प्रत्येकी ५४० मेगावॉटचे आणखी दोन संच उभे राहिले, त्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना आपली जागा सोडावी लागली. त्या गावांचा त्याग विजेच्या आकड्यांइतकाच ठळकपणे सांगितला गेला पाहिजे.

या पट्ट्यातली एक कला बाहेरच्यांना फारशी ठाऊक नाही. चिंचणी-वरोर-वाढवणकडे घराघरांत डायमेकर बसतात. दिव्याच्या उजेडात मान वाकवून पोलादाच्या ठोकळ्यावर बारीक छिन्नीने वेलबुट्टी कोरायची; त्या डायवर पत्रा दाबला की दागिन्याची नक्षी उठते. बंदराला विरोध करणाऱ्यांत मच्छीमारांबरोबर हे कारागीरही आहेत. त्यांचं पोट याच गावांवर चालतं, म्हणून विमानतळाचा आराखडा आखताना पहिलं बोलणं त्यांच्याशी व्हायला हवं.

डहाणूपर्यंत लोकल २०१३ च्या एप्रिलमध्ये आली. त्याआधी शटल आणि पॅसेंजर गाड्यांवरच भिस्त होती. लोकल आल्याने शिकणाऱ्या पोरांचं, नोकरदारांचं जिणं बदललं, पण विरारपुढे लांब पल्ल्याची गाडी, मालगाडी आणि लोकल अशा सगळ्यांना दोनच रूळ. मागून सुपरफास्ट आली की लोकल बाजूला उभी राहते आणि पाळी चुकते. विरार-डहाणू चौपदरीकरणाचं काम हाती घेतलेलं आहे. इथल्या प्रवाशाला आज विमानापेक्षा त्या दोन जादा रुळांची निकड जास्त आहे.