विश्लेषण : राजाचा लाल गणवेश ते माईचा शुभ्र झगा… ब्रिटिश व्यक्तिचित्रांतले कपडे काय सांगतात, काय लपवतात?

ब्रिटनचे राजे तिसरे चार्ल्स यांच्या व्यक्तिचित्राचे मे २०२४ मध्ये बकिंगहॅम राजवाड्यात अनावरण झाले आणि काही तासांत ते जगभरच्या मोबाइलवर पोहोचले. साडेआठ फूट उंचीचे हे चित्र जोनाथन येओ यांचे. त्यात राजांच्या अंगावर वेल्श गार्ड्स या पलटणीचा लाल गणवेश आहे, पण तो मागच्या लाल रंगात जवळजवळ विरघळून गेला आहे. कुणाला ते धाडसी वाटले, कुणाला भीतीदायक. एक तपशील मात्र फारसा चर्चेत आला नाही. हे चित्र काढून घेतले ते लंडनच्या ‘ड्रेपर्स कंपनी’ने, म्हणजे कापड व्यापाऱ्यांच्या शेकडो वर्षे जुन्या संघाने. ब्रिटनमध्ये व्यक्तिचित्र आणि कापड यांचे नाते असे जुने आहे. पण चित्रातल्या कपड्यांवर विश्वास किती ठेवायचा?

कपड्यांवर कायद्याचा पहारा?

सोळाव्या शतकातील इंग्लंडमध्ये कुणी काय घालावे, हे कायदा ठरवत असे. जांभळे रेशीम, सोन्याच्या तारांचे कापड, सेबलची फर या गोष्टी राजघराणे आणि वरच्या दर्जाचे उमराव यांच्यासाठी राखीव होत्या. पैसा असला तरी व्यापाऱ्याला त्या घालता येत नसत. हे निर्बंध १६०४ मध्ये उठले. त्या काळातल्या चित्रात फर किंवा जर दिसली, की पाहणाऱ्याला त्या माणसाची पायरी लगेच कळे.

राजसत्तेने याचा पुरेपूर वापर केला. हान्स होल्बाइनने १५३७ मध्ये व्हाइटहॉल राजवाड्याच्या भिंतीवर आठव्या हेन्रीला रंगवले. पाय फाकवून उभा, खांदे कपड्यांच्या थरांनी दुप्पट रुंद झालेले. मूळ भित्तिचित्र १६९८ च्या आगीत नष्ट झाले, तरी प्रतींमधून हेन्रीची तीच प्रतिमा आजवर टिकली आहे. त्याची मुलगी पहिली एलिझाबेथ हिचे १६०० च्या सुमारास काढलेले ‘रेनबो पोर्ट्रेट’ हॅटफील्ड हाउसमध्ये आहे. राणी तेव्हा पासष्टी ओलांडलेली होती, चित्रातला चेहरा मात्र तरुणीचा आहे. तिच्या झग्यावर डोळे आणि कान रंगवले आहेत. राणी सगळे पाहते, सगळे ऐकते, हा त्याचा सर्वसाधारणपणे लावला जाणारा अर्थ.

चेहरा खोटा, मग कपडे? इंग्लंडच्या हेरफर्डशायरमधील बॅक्टन या खेड्याच्या चर्चमध्ये एक भरतकाम केलेले रुपेरी कापड वेदीवरचे आच्छादन म्हणून शतकानुशतके जपले गेले होते. ते एलिझाबेथच्याच पोशाखाचे असावे, असे अभ्यासकांचे मत आहे. २०१९ मध्ये हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात ते याच चित्राशेजारी मांडले गेले, कारण चित्रातल्या चोळीवरची फुले आणि कापडावरची फुले एकमेकांशी मिळतीजुळती आहेत. चेहऱ्यापेक्षा कापड अधिक खरे निघावे, अशी ही उलटी गंमत.

एकच झगा अनेकांच्या अंगावर कसा?

पुढच्या काळात मात्र कापडाचा खरेपणाही डळमळीत झाला. फ्लेमिश चित्रकार अँथनी व्हॅन डाइक १६३२ मध्ये लंडनला आला आणि पहिल्या चार्ल्सचा दरबारी चित्रकार बनला. त्याने प्रत्यक्षातल्या लेसा, टाके, जरीकाम यांना कात्री लावली आणि सॅटिनच्या सळसळत्या घड्यांवर भर दिला. चित्र त्यामुळे लवकर जुने दिसत नसे.

अठराव्या शतकात तर कपडे रंगवणे हा स्वतंत्र धंदाच झाला. नामांकित चित्रकार चेहरा रंगवायचा आणि कॅनव्हास कपडे रंगवणाऱ्याकडे पाठवायचा. जोसेफ व्हॅन एकेन हा त्यातला सर्वांत मागणी असलेला कारागीर. थॉमस हडसन, अॅलन रॅमसे अशा वेगवेगळ्या चित्रकारांसाठी तो काम करी. साहजिकच एकाच धाटणीचा झगा वेगवेगळ्या घरांतल्या स्त्रियांच्या अंगावर दिसू लागला. म्हणजे चित्रातला झगा त्या बाईच्या कपाटात होताच, असे मानता येत नाही.

वाद नेमका काय होता?

रॉयल अकॅडमीची स्थापना १७६८ मध्ये झाली. तिचे पहिले अध्यक्ष जोशुआ रेनॉल्ड्स यांचे म्हणणे होते की, आजची फॅशन उद्या हास्यास्पद ठरते. म्हणून थोर चित्रात कपडे काळाच्या पलीकडचे हवेत, प्राचीन ग्रीक-रोमन पुतळ्यांसारखे. सडबरीच्या कापड व्यवसायातील घराण्यात जन्मलेल्या थॉमस गेन्सबरोचे मत वेगळे होते. माणूस रोज ज्या कपड्यांत दिसतो ते बदलले, तर चेहऱ्यातले साम्यही हरवते, असे त्याने १७७१ मध्ये एका उमरावाला पत्रातून कळवले होते. पण धंदा तत्त्वांवर चालत नाही. त्याचेच सर्वांत प्रसिद्ध चित्र ‘द ब्लू बॉय’ घ्या. त्यातला मुलगा १७७० च्या सुमाराचा, पण निळे सॅटिनचे कपडे व्हॅन डाइकच्या, म्हणजे सुमारे १४० वर्षांपूर्वीच्या धाटणीचे!

भारतीय कापड या चित्रांत कसे आले?

लंडनच्या नॅशनल गॅलरीत व्हॅन डाइकने काढलेले विल्यम फिल्डिंग या उमरावाचे चित्र आहे. १६३३ मध्ये भारत आणि इराणचा प्रवास करून परतलेला हा गृहस्थ गुलाबी रेशमी अंगरखा आणि पायजमा घालून उभा आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा कॅप्टन जॉन फूट यानेही १७६० च्या दशकात रेनॉल्ड्सकडून भारतीय पोशाखात चित्र काढून घेतले. त्याचा तो मलमलीचा पोशाखही टिकून आहे. चित्र आणि पोशाख दोन्ही यॉर्कमध्ये जतन केलेले असल्याने चित्रकाराने काय जसेच्या तसे ठेवले आणि काय बदलले, हे ताडून पाहता येते.

हाच प्रकार पुण्यातही पोहोचला. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स याने १७९२ मध्ये सवाई माधवराव पेशवे आणि नाना फडणवीस यांचे एकत्र चित्र रंगवले. ते आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. फरक लक्षात घेण्याजोगा आहे. फिल्डिंग आणि फूट यांनी दुसऱ्याचा पोशाख हौसेने चढवला होता. पेशवे मात्र आपल्याच दरबारच्या वेशात, आपल्याच गादीवर बसले आहेत.

माईच्या चित्रासाठी ५ कोटी पौंड का मोजले गेले?

ज्याच्या पोशाखाचा निर्णय इतरांच्या हाती गेला, अशा माणसाचे सर्वांत चर्चेतले चित्र म्हणजे रेनॉल्ड्सचे ‘माई’. पॅसिफिक महासागरातील रायटेआ बेटाचा हा तरुण १७७४ मध्ये कॅप्टन कुकच्या दुसऱ्या मोहिमेतील जहाजातून लंडनला आला. राजा तिसरा जॉर्ज याच्या भेटीला गेला, मेजवान्यांना गेला. लंडनच्या समाजात तो बहुतेक वेळा युरोपीय कपड्यांतच वावरे. चित्रात मात्र तो अनवाणी आहे, डोक्याला फेटा आणि अंगावर पायघोळ शुभ्र झगा. थोडे पॅसिफिक बेटांवरचे, थोडे पौर्वात्य, थोडे रोमन असे ते मिश्रण. रेनॉल्ड्सच्या ‘काळापलीकडच्या’ कपड्यांचे तत्त्व इथे पूर्ण लागू झाले. हातावरचे गोंदण तेवढे माईचे स्वतःचे.

तरीही चित्राचे मोल मोठे आहे. त्या काळच्या ब्रिटिश चित्रांत गोऱ्या नसलेल्या व्यक्ती बहुतेकदा कोपऱ्यात, नोकर म्हणून दिसतात. माई एकटा, पूर्णाकृती, एखाद्या राजपुत्राच्या थाटात उभा आहे. चित्र देशाबाहेर जाऊ नये म्हणून ब्रिटिश सरकारने निर्यात रोखून धरली आणि अखेर २०२३ मध्ये लंडनची नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी व लॉस एंजलिसचे गेटी संग्रहालय यांनी ते ५ कोटी पौंडांना मिळून विकत घेतले. दोन्ही शहरांत ते आळीपाळीने दाखवायचे असे ठरले. त्याला मान देणारा झगा त्याची खरी ओळख पुसतो का, हा प्रश्न मात्र किमतीने सुटत नाही.

कपडे निवडणारा कोण?

अमेरिकी चित्रकार जॉन सिंगर सार्जंट लंडनमध्ये स्थायिक झाला होता. समोरची व्यक्ती काय घालून आली यापेक्षा चित्राला काय हवे, हे तो ठरवत असे. टेट ब्रिटनमध्ये २०२४ साली भरलेल्या ‘सार्जंट अँड फॅशन’ प्रदर्शनात लेडी अॅलाइन ससून यांचे १९०७ चे चित्र आणि त्यांचा काळा टॅफेटा झगा शेजारी-शेजारी मांडला होता. झग्याचे गुलाबी अस्तर डोळ्यांत भरावे म्हणून सार्जंटने कापड ओढून, वळवून, टाचण्या लावून हवे तसे बसवले होते. मराठी वाचकाला हे आडनाव नवे नाही. अॅलाइन यांचे पती सर एडवर्ड यांचा जन्म मुंबईचा. ससून डॉक, काळा घोड्याजवळचे डेव्हिड ससून ग्रंथालय आणि पुण्याचे ससून रुग्णालय ही याच घराण्याची नावे.

विसाव्या शतकात पारडे फिरले. डेव्हिड हॉकनीच्या ‘मिस्टर अँड मिसेस क्लार्क अँड पर्सी’ (१९७०-७१) या चित्रात ऑसी क्लार्क हा फॅशन डिझायनर आणि सेलिया बर्टवेल ही कापडावरच्या नक्षीची डिझायनर. कपडे बनवणारेच आता चित्राचे नायक झाले होते.

मग चित्र पाहावे कसे?

संग्रहालयात किंवा मोबाइलच्या पडद्यावर जुने व्यक्तिचित्र समोर आले, की ‘तेव्हा लोक असे कपडे घालत’ एवढ्यावर थांबू नये. पोशाख खरोखर त्या व्यक्तीचा होता का, तो कुणी निवडला आणि त्यातून काय पटवून द्यायचे होते, हे तीन प्रश्न विचारावेत. हेन्री, एलिझाबेथ आणि लेडी ससून यांच्या पोशाखात त्यांच्या स्वतःच्या इच्छेलाही जागा होती. माईला किती होती, हे चित्र सांगत नाही. त्याच्याकडे पाहताना म्हणूनच झग्याइतकेच त्या गोंदलेल्या हाताकडे लक्ष द्यावे लागते.