पुरावा किती म्हणजे पुरे?

जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी उभारलेल्या महिको या बियाणे कंपनीने, शेंडे व फळे पोखरणाऱ्या अळीस मारक ठरणारे बीटी या जिवाणूचे जनुक वांग्यात घालून, त्याच्या चाचण्यांचे दप्तर केंद्र सरकारच्या समितीपुढे ठेवले, तेव्हा १४ ऑक्टोबर २००९ रोजी त्या समितीने लागवडीस मंजुरी दिली. आणि चार महिने उलटण्याच्या आतच पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी, नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या घेऊन, ९ फेब्रुवारी २०१० रोजी ती तहकूब केली. दप्तर तेच, फैसला मात्र उलटा.

या वादात उभय पक्षांनी विज्ञानाचीच साक्ष काढली. परंतु पुरावा किती म्हणजे पुरे, याचे उत्तर पुराव्यात नसते. अमेरिकन तत्त्वज्ञ रिचर्ड रुडनर यांनी १९५३ सालीच प्रतिपादले होते की, कोणतेही अनुमान संपूर्णतः सिद्ध होत नसल्यामुळे ते स्वीकारताना शास्त्रज्ञास कोठेतरी थांबावेच लागते, आणि कोठे थांबावे हे चूक झाल्यास होणाऱ्या हानीच्या गांभीर्यावर ठरते: औषधात विषारी अंश नाही असे म्हणण्यास जितकी खात्री हवी, तितकी कमरपट्ट्यांची बक्कले निर्दोष आहेत असे म्हणण्यास नको. शास्त्रज्ञाने केवळ संभाव्यता सांगावी, निर्णय इतरांवर सोपवावा, असा आक्षेप तत्त्वज्ञ रिचर्ड जेफ्री यांनी १९५६ मध्ये घेतला. युक्तिवाद सुबक खरा. पण तत्त्वज्ञ हेदर डग्लस यांनी २००० साली, डायऑक्सिन हे विषारी रसायन दिलेल्या उंदरांच्या यकृताच्या ज्या काचपट्ट्यांचा दाखला दिला, त्याच त्या काचपट्ट्यांत निरनिराळ्या तज्ज्ञांना अर्बुदांची निरनिराळी संख्या दिसली होती. संदिग्ध पेशीसमूहास अर्बुद म्हणावे की नाही, येथेच, म्हणजे संभाव्यतेचे गणित मांडण्यापूर्वीच, कोणती चूक अधिक सोसवेल हा विचार शिरतो.

वांग्याच्या बाबतीत निर्धोक वाण रोखले तर शेतकरी फवारणीचा पंप पाठीवर वागवीत राहतो. सदोष वाण सोडले तर खाणाऱ्याच्या प्रकृतीस व गावठी वाणांच्या शुद्धतेस अपाय. आणि या दोन चुकांची झळ एकाच माणसास लागत नाही, हीच खरी अडचण. (मराठवाड्यात २०१७ साली गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशी पोखरली, म्हणून वांगेही घातक, हा तर्क मात्र भलताच: अळीने जनुकाची परिणामकारकता हिरावली, त्याची विषारता सिद्ध केली नाही.)

बांगलादेशाने बीटी वांग्यास २०१३ मध्ये परवानगी दिली. आपल्याकडील तहकुबीस मात्र जनता व तज्ज्ञ या उभयतांचे समाधान होईपर्यंतची मुदत होती. हे समाधान कोणत्या व किती वर्षांच्या चाचण्यांनी व्हावे, याचा करार चाचणीपूर्वीच, शेतकरी व ग्राहक यांच्या समक्ष लिहून ठेवावा असे मला वाटते, कारण निकाल हाती आल्यावर ठरविलेली कसोटी ठरविणाऱ्याच्या सोयीची असण्याचाच संभव अधिक.