एकदांच सांगा

घरांतील कर्तें माणूस अपघातांत अचानक गेलें, म्हणजे मागें राहिलेल्यांना दुःख करावयासहि सवड मिळत नाहीं. निवृत्तिवेतन, कर, वाहनाचा परवाना, पारपत्र. प्रत्येक कचेरीला तीच वार्ता नव्यानें कळवावी लागते. सर डेव्हिड वार्नी यांनीं २००६ सालीं ब्रिटिश सरकारला सादर केलेल्या अहवालांत असेंच एक उदाहरण आहे. एका मृत्यूनंतर त्या कुटुंबाला सरकारशीं ४४ वेळां संपर्क साधावा लागला. दोष कोणा एका कारकुनाचा नव्हता. प्रत्येक खातें आपआपल्या नियमानें काम करीत होतें. मात्र एकाला सांगितलेलें दुसऱ्याच्या कानीं जात नव्हतें.

इंटरनेट आलें तेव्हां ही अडचण दूर होईल, अशी आशा होती. प्रत्यक्षांत ती नव्या जागीं उभी राहिली. ब्रिटनमधील खात्यांनीं व संस्थांनीं आपआपलीं संकेतस्थळें उघडलीं, आणि त्यांची संख्या शेंकड्यांवर गेली. नागरिकांसाठीं 'डायरेक्टगव्ह' आणि व्यापाऱ्यांसाठीं 'बिझनेस लिंक' अशीं दोन सामाईक स्थळें होतीं खरीं. पण खात्यांचीं स्वतंत्र स्थळेंहि चालूच राहिलीं. एकच नियम दोन ठिकाणीं लिहिला, म्हणजे एका ठिकाणीं तो सुधारला जातो आणि दुसरीकडे जुनाच राहतो. शिवाय कोणतें काम कोणत्या खात्याकडे, हें शोधण्याचा भार नागरिकावरच पडतो.

२०१० सालीं मार्था लेन फॉक्स यांनीं मंत्री फ्रान्सिस मॉड यांना पत्रानें स्पष्ट सल्ला दिला कीं, ठिगळें लावून भागणार नाहीं. संकेतस्थळांची मांडणी एका मध्यवर्ती मंडळाच्या हातीं असली पाहिजे. त्यानुसार २०११ मध्यें 'गव्हर्नमेंट डिजिटल सर्व्हिस' हें मंडळ स्थापन झालें, आणि १७ ऑक्टोबर २०१२ रोजीं 'गव्ह डॉट यूके' हें एकच स्थळ खुलें झालें. २०१४ अखेर ३०० हून अधिक सरकारी संस्था त्यांत सामील झाल्या होत्या.

हें जुळलें तें कामाच्या वांटणीमुळें. पानांचें रूप, भाषेचे नियम आणि प्रसिद्धीचें साधन मंडळाकडे राहिलें. धोरण आणि माहितीचा खरेपणा यांची जबाबदारी खात्यांवर राहिली. लोक वारंवार विचारतात त्या विषयांवरील मजकूर मंडळाचे लेखक सोप्या भाषेंत लिहितात, आणि खात्यांतील जाणकार तो तपासतात. सार्वजनिक सुट्ट्यांचें पान उघडल्यास पुढची सुटी केव्हां, हें उत्तर प्रथम दिसतें. तें कोणत्या खात्याचें, हें वाचकाला ठाऊक असण्याची गरज नाहीं.

सांगण्याप्रमाणें ऐकण्यालाहि व्यवस्था लागते. २००६ सालीं पंतप्रधानांच्या कचेरीनें जनतेचे अर्ज इंटरनेटवर स्वीकारण्यास आरंभ केला. पुढच्याच वर्षीं रस्त्यांच्या वापरावर आकार बसविण्याच्या योजनेविरुद्ध सुमारें १८ लाख सह्या पडल्या. २०१५ पासून हें काम सरकार आणि कॉमन्स सभागृह मिळून पाहतात. १०,००० सह्या झाल्या कीं सरकार उत्तर देतें. १,००,००० झाल्या कीं संसदेंत चर्चा घेण्याचा विचार होतो. योग्य खातें शोधण्याचें काम अर्जदाराला उरत नाहीं.

तथापि दार एक झालें, म्हणून घरहि एक होतेंच असें नाहीं. नागरिकाची ओळख सर्व खात्यांनीं एकाच रीतीनें पटवावी, म्हणून २०१६ सालीं 'व्हेरिफाय' ही सोय सुरू झाली; पण करखात्यानें आपली जुनी पद्धत सोडली नाहीं, इतरांनींहि ती पुरतेपणीं स्वीकारली नाहीं, आणि २०२३ मध्यें ती बंद पडली. स्वतःच्या कामाला उपयोग दिसल्यावांचून कोणतेंहि खातें आपला ताबा सोडीत नाहीं.

मृत्यूची वार्ता मात्र आतां ब्रिटनच्या बहुतेक भागांत एकदांच सांगतां येते. २०११ पासून देशभर पसरलेल्या 'टेल अस वन्स' या व्यवस्थेंत मृत्यूची नोंद झाली, कीं नातलगांना एक क्रमांक मिळतो. त्या क्रमांकावर एकदां माहिती दिली, म्हणजे निवृत्तिवेतन, कर, वाहन-परवाना आणि पारपत्र या खात्यांना ती पोंचते. बँकेला आणि विमा कंपनीला अजूनहि निराळें कळवावें लागतें. पण सरकारपुरतें तरी शोकाकुल माणसाला तेंच दुःख दारोदार सांगत फिरावें लागत नाहीं.