स्क्रिप्टच्या साह्याने संगणकाची सेटिंग्ज बदलणे

शाळेच्या संगणक-कक्षात आठ-दहा यंत्रे असली तरी त्यांची वागणूक सहसा एकसारखी नसते. एकाचे घड्याळ मागे पडलेले, दुसऱ्याचा पडदा पाठ रंगात आला असतानाच काळा होणारा, तिसऱ्यावर मराठी टंकलेखनाची सोयच नाही. शिक्षक प्रत्येक यंत्रापुढे बसून तेच बदल पुनःपुन्हा करीत राहतो आणि एखादे यंत्र हमखास राहून जाते. हे काम चार-सहा ओळींच्या लेखी आज्ञेने करता येते. अशा आज्ञापत्रास ‘स्क्रिप्ट’ म्हणतात.

केंद्रप्रमुखाने शाळोशाळी जाऊन तोंडी सूचना देणे आणि एकच परिपत्रक सर्व शाळांस धाडणे यांत जो भेद आहे, तोच येथे समजावा. परिपत्रकातील चूकही मात्र सर्व शाळांस पोचते, हे प्रारंभीच ध्यानी घ्यावे.

सेटिंग म्हणजे संगणकाने आपल्यापाशी टिपून ठेवलेली नोंद होय. विंडोजमध्ये अशा पुष्कळशा नोंदी ‘रजिस्ट्री’ नामक भांडारात असतात. लिनक्समध्ये त्या बहुतांशी साध्या मजकुराच्या फाइलींत असतात. माऊसने दाबावयाची बटणे ही त्या नोंदींपर्यंत जाण्याची एक वाट, कमांड ही दुसरी. पुढे दिलेल्या कमांडी विंडोजच्या आहेत. त्या रोमन लिपीतच टंकाव्या लागतात; येथे उच्चार दिला आहे.

प्रथम घड्याळ घेऊ. संगणकाच्या मुख्य पट्टीवर नाण्याच्या आकाराचा तीन व्होल्टचा सेल असतो. तो संपला की वीज जाताच यंत्र तारीख विसरते व पुन्हा सुरू केल्यावर काही वर्षांपूर्वीचा दिवस दाखविते. सुरक्षित संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांस मुदत असते. यंत्राची तारीख त्या मुदतीबाहेर गेली की ब्राउझर पान उघडण्यास नकार देतो. यू-डायसची माहिती भरण्याच्या दिवसांत ‘नेट चालत नाही’ अशी जी तक्रार येते, तिच्यामागे कधी कधी हा क्षुल्लक सेल असतो. ‘टीझेडयूटिल’ या कमांडीने ‘इंडिया स्टँडर्ड टाइम’ हा कालविभाग ठरविता येतो. ‘डब्ल्यू३२टीएम’ या कमांडीस ‘रीसिंक’ हा शब्द जोडला म्हणजे यंत्र इंटरनेटवरून वेळ जुळवून घेते. घड्याळ फारच मागे असेल तर ते हा बदल नाकारते. तेव्हा ‘डेट’ या कमांडीने आधी तारीख घालावी. सेल मात्र बदलावाच लागेल. त्यास स्क्रिप्टचा उपाय नाही.

पडद्याचा प्रश्न सोपा आहे. ‘पॉवरसीएफजी’ या कमांडीस मिनिटांचा आकडा द्यावयाचा. ४५ दिल्यास तासिका निर्वेध पार पडते, शून्य दिल्यास पडदा आपोआप बंदच होत नाही. थेट विजेवरचा अवधी व बॅटरीवरचा अवधी यांच्या नोंदी वेगळ्या असतात. भारनियमनाच्या गावी लॅपटॉपच्या बॅटरीचा अवधी कमीच ठेवावा.

मराठी टंकनात खरी अडचण आहे. इन्स्क्रिप्ट ही कळरचना भारतीय मानक संस्थेने १९९१ साली प्रमाण म्हणून स्वीकारली व विंडोजमध्ये ती अंगभूत असते. पॉवरशेलमधील भाषायादी ठरविणारी कमांड जुन्या यादीत भर घालीत नाही. जुनी यादी पुसून नवी लिहिते. केवळ ‘मराठी’ लिहिल्यास इंग्रजी यादीतून जाते. म्हणून आधी चालू यादी मागवावी, तीत मराठी जोडावी, मग ती यादी परत द्यावी. शिवाय हा बदल ज्या खात्यातून केला त्यापुरताच असतो. शिक्षकाच्या खात्यातून स्क्रिप्ट चालविली आणि मुलांच्या खात्यात मराठी उमटली नाही, असे झाल्यास यंत्रास बोल लावू नये.

स्क्रिप्ट नोटपॅडमध्ये लिहून ‘बॅट’ या प्रत्ययाने जतन करावी. जतन करताना ‘ऑल फाइल्स’ निवडले नाही तर शेवटी ‘टीएक्सटी’ चिकटते व फाइल चालविण्याऐवजी नुसती उघडते. पॉवरशेलची स्क्रिप्ट नव्या यंत्रावर सहसा चालतच नाही, कारण विंडोजने तसा प्रतिबंध मुळातच घातलेला असतो. तो कायमचा उठविण्याचा सल्ला पुष्कळजण देतात; माझ्या मते तो अयोग्य आहे. चालू खिडकीपुरतीच परवानगी देता येते व तेवढी पुरते.

मोबाइलवरून आलेली ‘यंत्र वेगवान करणारी’ स्क्रिप्ट न वाचता चालवू नये. एका शाळेत अशा एका ओळीने मुलांनी सत्रभर केलेली चित्रे व निबंध असलेला फोल्डर पुसून टाकला. कमांडीने पुसलेली फाइल रीसायकल बिनमध्येही सापडत नाही. रजिस्ट्रीस हात लावण्यापूर्वी ‘रेग एक्सपोर्ट’ने संबंधित भागाची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. प्रयोग एकाच यंत्रावर करावा, ते बंद करून पुन्हा सुरू करावे, आणि दुसऱ्या दिवशीही सर्व ठीक दिसले तरच इतरांकडे वळावे.

बॅट फाइलीत ‘रेम’ या शब्दाने आरंभ होणारी ओळ संगणक अमलात आणीत नाही. ती माणसांसाठी असते. तेथे तारीख, हेतू व आधीची किंमत रोमन अक्षरांत लिहून ठेवावी. बदलीनंतर येणाऱ्या शिक्षकास जडवस्तू नोंदवहीसोबत हा पेनड्राइव्हही हाती मिळाला, तर कोणती सेटिंग केव्हा व कशासाठी बदलली हे त्यास विचारावे लागणार नाही.