तिला विचारलं का?

परवा बचत गटाची बैठक आटोपून निघाले, तर गटातल्याच एकीच्या दारात गवंडी फक्की मारताना दिसला. तिचं घरकुल मंजूर झालंय. मालक, दीर, गवंडी मधोमध उभे आणि ही बाजूला फक्कीचं घमेलं धरून. "स्वयंपाकाची जागा कुठं काढलीस गं?" मी विचारलं.

"मला कोन इचारतंय ताई? ठरवलं आसंल की त्येंनी."

मला माझंच घर आठवलं. मी चांगली पदवीधर; पण आमचं घर बांधताना स्वयंपाकघराची खिडकी कुठं हवी, हे मलाही कुणी विचारलं नाही आणि मीही बोलले नाही. खिडकी राहूनच गेली. आज इतकी वर्षं फोडणीचा ठसका खातेय!

आणि आठवली ती पुण्यातल्या येरवड्याची घरं. राणीसावरगावातून कितीतरी जण कामासाठी पुण्याला जातात. अशाच एका नातलगांकडे गेले असताना ती पाहिली होती. येरवड्यातल्या या वस्त्या जुन्या, चिंचोळ्या गल्ल्यांच्या. केंद्र सरकारनं 2005 साली जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियान सुरू केलं. त्यातून पुणे महापालिकेनं इथल्या लोकांना दुसरीकडे न हलवता आहे त्याच जागी पक्की घरं द्यायचं ठरवलं. काही वस्त्यांचं काम 'स्पार्क' आणि 'महिला मिलन' या संस्थांनी केलं. आराखडे वास्तुरचनाकार प्रसन्न देसाई यांचे.

'महिला मिलन'ची सुरुवात 1986 साली मुंबईच्या भायखळ्यात फूटपाथवर राहणाऱ्या बायकांपासून झाली. या बायका आधी बचत करतात, वस्तीची मोजणी करतात. घराचा खऱ्या मापाचा नमुना उभा करून आत फिरून बघतात. ओटा कुठं, मोरी कुठं, पाणी कुठं भरायचं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

येरवड्यातलं घर 270 चौरस फुटांचं. खर्च धरला होता 3 लाख रुपये, त्यातला दहावा हिस्सा, म्हणजे 30 हजार, कुटुंबानं भरायचा. ज्याचं घर आधीच पक्कं, त्याला हात लावायचा नाही. कच्चं तेवढंच पाडायचं. जागा फारच कमी असेल, तर दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून एकावर एक मजले घ्यायचे. त्यामुळे शेजार तुटला नाही. पोरांची शाळा आणि बायकांची धुण्याभांड्याची कामंही जवळच राहिली.

एका वहिनींनी मला हौसेनं घर दाखवलं. "जिना कुठून न्यायचा, यावरून तीनदा भांडले. पण ऐकलं हो माझं!" म्हणाल्या. सगळं गोडच होतं असं नाही. बांधकाम होईस्तोवर त्यांनी भाड्याच्या खोलीत दिवस काढले, हिश्शाच्या पैशांसाठी दागिना गहाण ठेवला. तरी ओट्यावरून हात फिरवताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

आता गंमत बघा. 2016 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये घरकुलाचं किमान माप आहे 25 चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ तेवढंच, 270 चौरस फूट. येरवड्याच्या बायका एवढ्याच जागेसाठी भांडल्या, आणि आपण घमेलं धरून उभ्या!

मैत्रिणींनो, आणखी एक गोष्ट कागदाची. या योजनेत घर पती-पत्नी दोघांच्या किंवा पत्नीच्या नावे देण्याची तरतूद आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये घरावर नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लावावं, असा निर्णय आपल्या राज्य सरकारनं 2003 सालीच घेतला. पण आपलं नाव लागलंय का, हे आपल्यापैकी किती जणींनी बघितलंय? ग्रामपंचायतीत जा, उतारा मागा आणि स्वतः वाचा. वाचता येत नसेल, तर गटातल्या मुलीला सोबत न्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्या बाईकडे गेले. म्हटलं, "चल, तूच सांग." आधी पदर तोंडाशी धरून नुसतीच उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "चूल हितं नगं. वारं तिकडून येतं, समदा धूर घरात भरंल." गवंडी कुरकुरला. मालकानं क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "खरंय की रं. घे तिकडं."

गवंड्यानं पायानं फक्की पुसली आणि दुसरी रेघ मारली. घमेलं तेवढं आता दिराच्या हातात होतं.