परिचालन प्रणाली, मुक्त

संगणकाचा प्रक्रियक, स्मृती, तबकडी, कळफलक इ. घटकांचा वापर विविध आज्ञावल्यांना वाटून देणाऱ्या मूलभूत आज्ञावलीसमूहास परिचालन प्रणाली अथवा ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. तिची मूळ संहिता वाचण्याची, बदलण्याची व बदललेल्या स्वरूपात वाटण्याची मोकळीक सर्वांस असल्यास ती मुक्त ठरते. मुक्त म्हणजे केवळ विनामूल्य नव्हे.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला. त्यातील बहुतेक साधने तयार झाली, पण ‘हर्ड’ हा गाभा रखडला. ती उणीव लिनस टोरव्हाल्ड्‌स यांच्या १९९१ मधील ‘लिनक्स’ गाभ्याने भरून काढली.

भाषांची निवड : अशी प्रणाली सहसा एकाच भाषेत लिहिली जात नाही. संगणक सुरू होतानाचा आरंभीचा भाग व प्रक्रियकाच्या नोंदकांना थेट हाताळणारा भाग जुळणी भाषेत (असेंब्लीत) लिहावा लागतो. युनिक्स प्रणाली १९७३ मध्ये ‘सी’ भाषेत पुन्हा लिहिली गेली. त्यामुळे ती निरनिराळ्या यंत्रांवर नेणे सुकर झाले. तथापि ‘सी’मध्ये स्मृतीच्या चुकीच्या वापरास आळा बसत नाही. ‘रस्ट’ भाषेचा संकलक अशा अनेक चुका आधीच नाकारतो. डिसेंबर २०२२ मधील लिनक्सच्या ६.१ आवृत्तीत तिला प्रवेश मिळाला. व्यवस्थापनाची वरच्या स्तरावरील कामे शेल, पायथन यांसारख्या भाषांत करणे सोयीचे असते.

सांधे : अनेक भाषा एकत्र नांदविताना खरी अडचण त्यांच्या सीमेवर उद्‌भवते. फलनास मूल्ये कोणत्या क्रमाने द्यावयाची, स्मृतीत त्यांची मांडणी कशी असावी व चूक कशी कळवावी, हे संकेत दोन्ही बाजूंस समान असावे लागतात. एका भाषेने राखलेली स्मृती दुसरीने अवेळी मोकळी केल्यास प्रणाली कोसळू शकते. शिवाय प्रत्येक नव्या भाषेबरोबर तिचा संकलक सांभाळण्याचा व जाणकार मिळविण्याचा भार वाढतो. यास्तव भाषा मोजक्या व सीमा स्पष्ट ठेवणे इष्ट होय.

भारतीय प्रयत्न : पुणे येथे मुख्यालय असलेल्या ‘प्रगत संगणन विकास केंद्रा’ने (सी-डॅक) ‘बॉस’ ही भारतीय भाषांची सोय असणारी प्रणाली तयार केली. तिचा गाभा नव्याने लिहिलेला नसून ती डेबियन या लिनक्स वितरणावर आधारलेली आहे. मराठीच्या दृष्टीने मुक्ततेचे महत्त्व ‘दऱ्या’ व ‘दर्या’ या शब्दांवरून ध्यानात येते. गाभा केवळ संकेतांक वाहतो. जोडाक्षराचे रूप वरच्या स्तरावरील अक्षरजुळणी व टंक ठरवितात. तेथे चूक झाली, तर वाचकास डोंगरांतील दऱ्यांऐवजी समुद्र दिसेल. बंदिस्त प्रणालीत अशी दुरुस्ती उत्पादकाच्या इच्छेवर अवलंबून राहते. मुक्त प्रणालीत मराठी जाणणारा आज्ञावलीकार ती स्वतः करून सर्वांस देऊ शकतो.